चाप ओढण्याआधी

पोलीस लाइनीत वाढलेल्या पोराला एसएलआर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वडील बंदोबस्तावरून आले आणि खांदा चोळत बसले, की आज हत्यार कोणते होते ते घरात सगळ्यांना कळते. लांब नळी, लाकडी दस्ता, डाव्या अंगाला कॉकिंग हँडल, खाली वीस काडतुसांचे मॅगझिन, आणि रिकामी असतानाच चार किलोंच्या वर वजन. ‘सेल्फ लोडिंग रायफल’ हे पूर्ण नाव कागदावरच राहिले. विसर्जनाच्या मिरवणुकीत, मतदान केंद्रावर, कोर्टाच्या फाटकापाशी तुम्ही-आम्ही ही रायफल शेकडो वेळा पाहिली आहे. ती चालवायला कसे शिकवतात आणि शिकवण्यातला बहुतेक वेळ कशावर खर्च होतो, हे मात्र वर्दीबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते.

हे पुस्तक त्याविषयी आहे. लेखकाची नोकरी राज्य राखीव पोलीस बलात गेली आणि त्यातला बराच काळ शस्त्रशिक्षक म्हणून गेला. रेंजवर अशा माणसाला ‘उस्ताद’ म्हणतात. शिकाऊ जवानांसाठी त्यांनी वेळोवेळी काढलेली टिपणे हा पुस्तकाचा गाभा आहे. मी स्वतः नेमबाज नाही. दिवाळे गावात राहतो आणि पोलीस भरतीला बसणाऱ्या मुलामुलींना लेखी परीक्षेपुरते मराठी व्याकरण शिकवतो. “ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना तुम्ही रोज बघता, मग प्रस्तावना तुम्हीच लिहा,” असा उस्तादांचा हुकूम झाला. हुकूम म्हटल्यावर प्रश्न मिटला.

दिवाळे हा बेलापूरच्या खाडीकाठचा कोळीवाडा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत भोवतालच्या शेतांच्या आणि मिठागरांच्या जागी सेक्टर उभे राहिले. होड्या अजून आहेत, मासळीही येते. पण ज्या घरात तीन भाऊ आहेत तिथे तिघांचे पोट एका होडीवर भरत नाही. नवी मुंबई पोलिसांचे आयुक्तालय इथून जवळच, सीबीडी बेलापुरात. त्यामुळे वर्दी इथल्या पोरांच्या रोजच्या नजरेतली. पहाटे पळायला निघालेल्या पोरांना विचारा, पोलीस का व्हायचंय? ‘सरकारी नोकरी’ हे पहिले उत्तर येते. जरा ओळख वाढली की दुसरे उत्तर बाहेर पडते, आणि त्यात रायफल असते. सिनेमाने त्यांना रायफल दाखवली आहे ती भराभर पुंगळ्या उडवणारी.

भरतीत मात्र रायफल कुठेच नाही. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, मग १०० मीटर, गोळाफेक, त्यानंतर लेखी. रायफल येते ती निवड झाल्यावर, मरोळ, खंडाळा, नानवीज, जालना, अकोला, तुरची अशा एखाद्या प्रशिक्षण केंद्रात. तिथेही पहिले कित्येक दिवस ती फक्त उचलायची, खोलायची, पुसायची, जोडायची. पोरे कंटाळतात. उस्तादांचे पुस्तक या कंटाळ्यापासून सुरू होते आणि तिथेच ते मला पटले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ही रायफल काडतूस स्वतः भरते, म्हणून थांबण्याचे काम माणसावर येते. पुस्तकातले प्रत्येक प्रकरण या म्हणण्याचाच कुठला ना कुठला पैलू आहे.

म्हणणे नीट समजायला थोडे मागे जावे लागेल. एसएलआरच्या आधी आपल्या सैन्याच्या आणि पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होती, म्हणजे ब्रिटिशांची ली-एनफिल्ड. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. तेवढ्या वेळात माणसाला श्वास मिळे आणि आधीच्या गोळीची चूक डोक्यात उतरे. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन लढले. त्यानंतर शस्त्रे बदलण्याची निकड कोणाला पटवून द्यावी लागली नाही. बेल्जियममधल्या हर्स्टाल गावच्या एफएन कंपनीत द्यूदोने सेव यांनी रचलेली ‘फाल’ रायफल तोवर अनेक देशांनी स्वीकारली होती. तिच्या ब्रिटिश रूपाच्या धर्तीवर भारतीय एसएलआर तयार झाली आणि पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. १९७१च्या युद्धापर्यंत ती पायदळाच्या हातात रुळली होती. पुढे सैन्यात इन्सास आली. इन्सासचा आराखडा पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेचा. सैन्य नव्या रायफलीकडे वळले तरी पोलिसांकडे एसएलआर राहिली. तिला लागणारी ७.६२ मिलिमीटरची काडतुसे बनवणाऱ्या कारखान्यांत जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा आयुध कारखाना आहे, हेही मराठी वाचकाला माहीत असायला हरकत नाही.

या इतिहासातली एक गोष्ट उस्तादांनी एका ओळीत उरकली आहे, मी जरा ताणतो. मूळ बेल्जियन रायफलीत सलग गोळ्या झाडण्याची सोय होती. ब्रिटिशांनी आपल्या रायफलीतून ती काढून टाकली, कारण एवढ्या ताकदीचे काडतूस आणि खांद्यावर धरलेली रायफल ही जोडी सलग माऱ्यात आवरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गोळीलाच नळी आभाळाकडे जाते. म्हणून एकदा चाप ओढला की एक गोळी, दुसरीसाठी चाप सोडायचा आणि पुन्हा ओढायचा. आपणही तेच घेतले. १९८२च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या हातात सलग मारा करू शकणारी फाल होती आणि ब्रिटिशांच्या हातात एकेक गोळी झाडणारी तिचीच बहीण. हल्ली ‘जुन्या पद्धतीची’ म्हणून एसएलआरकडे बघण्याची चाल पडली आहे. पण एकेक गोळीचा हा नियम तिच्यात विचारपूर्वक बसवलेला आहे, हे विसरू नये.

ती आतून चालते कशी, यावर पुस्तकात सुरेख प्रकरण आहे. गोळी नळीतून पुढे जाताना तिच्यामागचा थोडा वायू नळीच्या वरच्या भोकातून निघून पिस्टनवर आदळतो. पिस्टन मागे सरकतो, बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, दस्त्यातली स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंग उलटली की बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस उचलून चेंबरमध्ये बसवतो. डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात हे सारे उरकते. वायू किती घ्यायचा हे ठरवायला नळीवर एक फिरकी असते. वायू कमी पडला तर पुंगळी अडकते, जास्त झाला तर खांद्याला धक्का वाढतो आणि सुट्या भागांची झीज होते. धूळ, गंज, ओल्या पावसाळ्यातला चिकटा यांचा हिशेब करून ही फिरकी लावावी लागते. कोकणपट्टीत नोकरी केलेल्या माणसाने हे लिहिले आहे, ते तेल किती लावायचे आणि कुठे मुळीच लावायचे नाही या सूचनांवरून कळते.

आता रेंज. लाल झेंडा चढतो, समोरच्या मातीच्या उंच बांधाखाली निशाणे सांभाळणारी बट पार्टी खंदकात बसते आणि फायरिंग पॉइंटवर जवान पालथे झोपतात. हुकूम झाल्याशिवाय मॅगझिन लागत नाही, हुकूम झाल्याशिवाय चापावर बोट जात नाही. पहिला सराव ग्रुपिंगचा. पाच गोळ्या एकाच जागी शिस्त घेऊन, म्हणजे नेम धरून, झाडायच्या आणि त्यांचा घोळका किती लहान पडतो ते बघायचे. घोळका निशाणाच्या मध्यावर नसला तरी चालेल. तो मध्यावर आणणे हे साइटचे काम आहे आणि ते नंतर स्क्रू फिरवून होते. घोळकाच विस्कटलेला असेल तर स्क्रू फिरवून काहीही साधत नाही. जाळे विणताना प्रत्येक गाठ सारख्या ताणाची लागते, एक सैल राहिली की मासळी तिथूनच निसटते. पाचही गोळ्या सारख्याच निघाल्या पाहिजेत हे आमच्या पोरांना मी असे सांगतो आणि ते त्यांना चटकन कळते.

सारखेपणा किती बारीक हवा? एसएलआरच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये सुमारे ५५ सेंटीमीटर अंतर असते. पुढच्या साइटचे टोक मागच्या भोकाच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकले, तर १०० मीटरवर गोळी सुमारे १८ सेंटीमीटर बाजूला पडते. ३०० मीटरवर तीच चूक अर्ध्या मीटरच्या पुढे जाते, म्हणजे निशाणाच्या जागी माणूस असेल तर त्याच्या शेजारचा. पुस्तकातल्या या हिशेबावर मी बराच वेळ अडकलो. बंदोबस्त गर्दीत असतो आणि गर्दीत शेजारी कोणीतरी असतेच.

नेमबाजीची चार तत्त्वे उस्तादांनी सैनिकी परंपरेतलीच दिली आहेत. शरीराची बैठक आणि पकड रायफल पेलण्याइतकी पक्की हवी. रायफल जोर न लावता आपोआप निशाणाकडे वळलेली हवी. साइट नीट जुळलेली हवी. आणि गोळी सुटताना व सुटल्यावर बैठक मोडता कामा नये. यातले दुसरे तत्त्व नवख्याला सर्वांत जड जाते. त्यासाठी सोपी कसोटी आहे: शिस्त घ्या, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट निशाणावरून सरकली असेल तर इतका वेळ तुम्ही स्नायूंच्या जोरावर रायफल ओढून धरली होती. मग हात हलवायचा नाही, पोट आणि पाय सरकवून सगळे अंग वळवायचे.

एक प्रसंग पुस्तकात इतका जिवंत उतरला आहे की तो इथे सांगतो. एका जवानाच्या गोळ्या खाली पडत असतात आणि तो रायफलीला दोष देत असतो. उस्ताद त्याचे मॅगझिन स्वतः भरून देतात आणि मध्येच कुठेतरी एक ड्रिल काडतूस घालतात, ज्यात दारू नसते. पहिली गोळी सुटते, दुसरी सुटते. तिसऱ्या वेळी चाप ओढला जातो आणि नुसता ‘टक्’ आवाज येतो. दणका नाही, धक्का नाही, तरी नळीचे टोक बोटभर खाली झुकलेले सगळ्यांना दिसते. धक्का येणार या धास्तीने जवानाने खांदा आधीच पुढे लोटला होता. उस्ताद काही बोलत नाहीत, जवानही काही बोलत नाही, रायफलीवरचा आरोप मागे घेतला जातो. एसएलआरच्या काडतुसाची ऊर्जा एनसीसीच्या पॉइंट टू-टू रायफलीच्या वीस पटीहून जास्त असते, त्यामुळे ही धास्ती खोटी नसते. तिच्यासकट चाप हळूहळू दाबायला शिकणे हेच शिक्षण.

सराव संपला की पुंगळ्या गोळा करायच्या. जितकी काडतुसे घेतली तितक्या पुंगळ्या परत मोजून द्याव्या लागतात. एसएलआर पुंगळी चांगली काही पावले लांब भिरकावते आणि गवत असेल तर शेवटची पुंगळी शोधताना अख्खी तुकडी वाकून फिरते. हा जाच बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल. पण सरकारी काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो ही सवय इथेच अंगी लागते. रस्त्यावर झाडलेल्या गोळीचा हिशेब त्याहून कडक असतो.

हा हिशेब एवढा कडक का, याचे उत्तर कायद्यात आहे. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांच्यानुसार ७.६२ आणि थ्री नॉट थ्रीची लष्करी काडतुसे चालतील अशी बोल्टची किंवा सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित वर्गात मोडते. साध्या बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, या वर्गाचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. अमेरिकेत गोष्ट उलटी. तिथे ओहायोतल्या कँप पेरी इथे १९०७पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात आणि १९३६ साली सैन्याने स्वीकारलेली एम-वन गॅरंड रायफल घेऊन आजोबा-नातू शेजारी शेजारी झोपून नेम धरतात. ब्रिटनने १९८७च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर, ऑस्ट्रेलियाने १९९६च्या पोर्ट आर्थरनंतर आणि न्यूझीलंडने २०१९च्या क्राइस्टचर्चनंतर अशा सेमी-ऑटोमॅटिक रायफली नागरिकांच्या हातून काढून घेतल्या. आपल्याकडे त्या मुळातच नागरिकाच्या घरात नव्हत्या. एसएलआर इथे कोणाची खासगी मालमत्ता नसते. ती शस्त्रागारातून सही करून घेतात आणि सही करून परत करतात.

म्हणजे वर्दीबाहेरच्याला नेमबाजीचा मार्गच नाही असे नव्हे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने. आजही त्यांच्या नावाने स्पर्धा होते. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरातली नेमबाजांची परंपरा, आणि आमच्या दिवाळ्याला जवळ म्हणजे पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब. अंजली भागवत एनसीसीतून आल्या आणि २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती ठरली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक महाराष्ट्राच्या घरी यायला बहात्तर वर्षे लागली. त्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. स्वप्नीलची रायफल आणि एसएलआर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वप्नीलच्या चुकलेल्या गोळीने एक पदक जाते, हवालदाराच्या चुकलेल्या गोळीने माणूस जातो. श्वास रोखण्याची, वाट बघण्याची रीत मात्र दोघांची एकच.

प्रस्तावना लिहिणाऱ्याने नुसती भलामण करू नये, म्हणून दोन तक्रारी. पहिली कानांची. पुस्तकात कानात कापसाचे बोळे घालण्याचा उल्लेख सहज येऊन जातो. या रायफलीचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी १५० डेसिबलच्या पुढे जातो आणि १४०च्या वरचा एकच दणकाही कायमचे नुकसान करू शकतो. कापूस पुरत नाही. ज्या उस्तादांनी आयुष्य रेंजवर काढले त्यांच्याशी मोठ्याने बोलावे लागते, ही गमतीने सांगण्याची गोष्ट नाही. दुसरी तक्रार मुलींची. पुस्तकातला शिकाऊ जवान सगळीकडे ‘तो’ आहे. माझ्या वर्गात निम्म्या मुली आहेत. लांब दस्ता आखूड हातांच्या माणसाला पुढे रेलायला लावतो, बैठक मोडते, आणि मग ‘बायकांना जमत नाही’ असा शेरा बसतो. दोष दस्त्याच्या लांबीचा असतो. पुढच्या आवृत्तीत यावर एक प्रकरण यावे, अशी विनंती मी लेखकांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.

शेवटचा मुद्दा वर्दीतल्यांना उद्देशून नाही. २६/११नंतर राज्य सरकारने राम प्रधान समिती नेमली, तेव्हा पोलिसांच्या शस्त्रसरावाचा आणि सरावासाठी लागणाऱ्या काडतुसांच्या तुटवड्याचा विषय उघडपणे चर्चेत आला. चर्चा काही महिने चालली, पुढे इतर बातम्या आल्या. पण नेम हा वर्षातून एकदा चार-पाच गोळ्या झाडून टिकणारा गुण नाही. घाईघाईने चाप ओढणारा पोलीस बहुतेक वेळा भित्रा किंवा क्रूर नसतो, सराव न मिळालेला असतो. थांबायला शिकवण्यासाठीसुद्धा काडतुसे खर्चावी लागतात, आणि ती खर्चण्याचा निर्णय रेंजवरचा उस्ताद घेत नाही, अंदाजपत्रक घेते. एसएलआर तुमच्या-माझ्या करातून आलेली, तुमच्या-माझ्या नावाने खांद्याला लटकलेली रायफल आहे. ती धरणाऱ्याला पुरेसा सराव मिळतो का, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावेच. ज्यांना आयुष्यात कधी रायफल हातात धरायची नाही त्यांनी ते आधी वाचावे आणि आपल्या आमदाराला काडतुसांविषयी एक प्रश्न विचारावा.

दिवाळे, सीबीडी बेलापूर